होन केलेली ट्यूब लेथवर खरी धरायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा. शेती अवजारांना लागणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरच्या तीस ट्यूबचं जॉबवर्क आलं आहे. ट्यूब बाजारातून तयार होन केलेली, म्हणजे आतलं भोक घासून गुळगुळीत केलेली: बोअर (आतला व्यास) ४०, बाहेरचा व्यास ५०, लांबी ७००, सगळी मापं मिलीमीटरमध्ये. तोंडाला ग्लँडसाठी (रॉडला आधार देणारं, तेल अडवणारं तोंडाचं झाकण) एम ४५ × १.५ चे आतले आटे पाडायचे आणि त्यांच्या मागे ४२ एच ७ ची (एच ७ म्हणजे भोकाच्या मापाची ठरलेली हद्द) बैठक काढायची. बैठक बोअरशी ०.०२ मध्ये एककेंद्री हवी. लेथचं स्पिंडल होल ८० चं आहे, म्हणजे ट्यूब हेडस्टॉकमधून आरपार जाते. तीन जबड्यांच्या चकात धरून केलेले पहिले नग ०.३ पर्यंत आउट निघाले. मग महागातला, अचूक, सेटिंगचा चक घ्यावा का?

घेऊ नका. निदान या कामासाठी तरी नको. तुमचा चक वाईट असेलही, वापरलेल्या स्क्रोल चकात (तिन्ही जबडे एकदम सरकणारा चक) ०.०५ ते ०.१ चा रनआउट, म्हणजे फिरताना केंद्राबाहेर जाणं, सर्रास दिसतो. पण ०.३ त्याच्या माथी मारता येत नाही. दोष ट्यूबमध्ये आहे, आणि तो दोष म्हणून नव्हे तर मालाच्या टॉलरन्समध्ये बसून आलेला आहे. ओढलेल्या ट्यूबची भिंत सगळीकडे सारख्या जाडीची नसते. होनिंगमुळे बोअर गोल आणि गुळगुळीत होतो, पण हत्यार जुन्या भोकाच्याच मागोमाग जातं; बाहेरच्या व्यासाशी त्याला काही देणंघेणं नसतं. पाच मिलीमीटरच्या भिंतीत एका बाजूला ५.१५ आणि समोर ४.८५ भरणं ही रोजची गोष्ट आहे. गोल टोकाच्या अ‍ॅनव्हिलचा मायक्रोमीटर घ्या आणि तोंडाशी चार ठिकाणी भिंत मोजा. समोरासमोरच्या जाडीत जेवढा फरक येईल, बाहेरून अगदी खरं धरलं तरी बोअरमध्ये डायल तेवढाच रनआउट दाखवणार. तुमचे ०.३ बहुधा तिथेच सापडतील.

म्हणून कितीही महागाचा चक आणला तरी तो बाहेरचा व्यास केंद्रात आणेल, आणि बाहेरचा व्यास इथे खोटा आहे. सेटिंगच्या चकात बॉडी थोडी सरकवता येते, त्यामुळे बोअरचा एक बिंदू केंद्रात आणता येईल हे मान्य. पण ट्यूबचा कल तो बदलू शकत नाही. जबड्यांनी ट्यूब जशी तिरकी धरली तशीच ती राहते. तोंडाशी डायल शून्य, आत हात घातला की ०.१. ग्लँडला हे दोन्ही चालत नाही.

या कामात एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवावी लागते. धरणं वेगळं आणि ट्रू करणं वेगळं. जबड्यांनी फक्त धरायचं, अक्ष कुठे असावा हे डायलने ठरवायचं. आणि अक्ष ठरायला दोन बिंदू लागतात, एका बिंदूने काही ठरत नाही. पुढे चार जबड्यांचा चक, मागे हेडस्टॉकच्या बाहेरच्या टोकाला चार बोल्टचा स्पायडर. एवढंच सामान पुरतं.

अमेरिकेत नेमबाजीच्या स्पर्धांसाठी रायफलच्या नळ्या बसवणाऱ्या कारागिरांनी ही पद्धत फार बारकाईने घोटली आहे. त्यांचं दुखणं हेच: भोक खरं, बाहेरचं खोटं, आणि भोकही सरळ नाही. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ मुळे बंदुकीच्या नळीला परवान्याशिवाय हात लावता येत नाही, पण धरायची रीत उचलायला कोणाची परवानगी लागत नाही. हायड्रॉलिकवाल्यांनी ती फार कमी उचलली याचं मला नवल वाटतं.

ट्यूब चढवण्याआधी लेथ तपासा. इथे एक गैरसमज हमखास असतो. चकाची बॉडी आउट चालते म्हणून लोक हबकतात. चार जबड्यांत धरल्यावर त्याने काही बिघडत नाही, कारण तुम्ही जॉब डायलवर आणणारच आहात. खरा शत्रू बेअरिंगमधली ढील. चकात जाड दांडा धरा, त्याला वरून डायल लावा आणि लाकडी दांडक्याने चक खालून हलका उचला. काटा ०.०१ हून जास्त सरकून परत आला तर आधी स्पिंडलची बेअरिंग आवळा. तसं न करता ०.०२ मागणं म्हणजे गिऱ्हाइकाला खोटं सांगणं. दुसरी तपासणी हेडस्टॉकच्या रोखाची. टेलस्टॉक न लावता १०० मिलीमीटर बाहेर आलेल्या दांड्यावर दोन टोकांना दोन कॉलर ठेवून एकाच बारीक कापात दोन्ही मारायच्या आणि व्यास ताडून बघायचे. तुमची बैठक २० मिलीमीटर लांबीची असेल, तेव्हा इथे थोडा फरक आला तरी जॉब वाया जाणार नाही. लांब बोअर करायचे असतील तर मात्र हा फरक अंगाशी येतो.

आता पुढची पकड. चार जबडे थेट ट्यूबवर आवळले तर दोन गोष्टी बिघडतात. जबडा लांबीत ४०-५० मिलीमीटर ट्यूबला चिकटतो, त्यामुळे तो ट्यूबला आपल्याच दिशेने बसवतो. मग मागचा स्पायडर कितीही फिरवा, ट्यूब वळत नाही, वाकते. हा फरक फार महत्त्वाचा आहे. वाकवून ट्रू केलेली ट्यूब चकात शून्य दाखवते आणि सोडल्यावर मूळ आकारात परत जाते. दुसरं म्हणजे पाच मिलीमीटरची भिंत चार ठिकाणी दाबली जाते आणि बोअरचा गोलपणा जातो.

रायफलवाले जबड्याखाली तांब्याच्या तारेचं कडं घालतात, दोन-तीन मिलीमीटर जाडीची तार. नळी त्या कड्यावर सगळ्या बाजूंना थोडी कलू शकते. त्यांच्या नळीची भिंत जाड असते, म्हणून तिला तारेचा दाब सोसतो. आपल्या ट्यूबला तो सोसणार नाही. त्यामुळे फाटलेला बुश करा. माइल्ड स्टीलचा, आतून ट्यूबच्या व्यासाला बेताचा, भिंत दहा-बारा मिलीमीटर, एका बाजूने उभा चिरलेला. बाहेरचा पृष्ठ सरळ ठेवायचा नाही. मधोमध पाच-सहा मिलीमीटरचा पट्टा उंच ठेवून दोन्हीकडे अर्धा मिलीमीटर उतार द्यायचा. जबडे फक्त त्या मधल्या पट्ट्यावर टेकतात. दाब बुशमुळे पसरतो, आणि ट्यूबला कलायला जागा राहते. खांद्यावर कावड घेणारा दांडीच्या मधोमध टेकू देतो आणि दांडी दोन्हीकडे मोकळी ठेवतो, तसाच हा टेकू. काही जण दाब सोसावा म्हणून बोअरच्या आत प्लग घालतात. भिंत दोन-तीन मिलीमीटरची असेल तर तेच करावं लागतं, पण प्लगमागे डायल पोचत नाही आणि दुसरा बिंदू हातचा जातो. पाचच्या भिंतीला बुश पुरेसा आहे.

ट्यूब चकाच्या बाहेर किती ठेवायची? आटे २५ आणि बैठक २० धरली तर काम ४५ खोल आहे. पट्टा तोंडापासून ८५ च्या आसपास येऊ द्या. म्हणजे जबड्याचा दाब जिथे आहे तिथे कापायचं नाही आणि जिथे कापायचं आहे तिथे दाब नाही. बाहेर लोंबणारा भाग जास्त वाटेल, पण ५० व्यासाच्या ट्यूबला तेवढं चालतं.

मागच्या स्पायडरमध्ये काही विशेष नाही. हेडस्टॉकच्या मागे स्पिंडलचं टोक बाहेर येतं, त्यावर बसणारी कॉलर, तिला ९० अंशांवर चार भोकं, एम ८ × १ चे बोल्ट. जाड पिचपेक्षा बारीक पिचच घ्या, हाताला अंदाज येतो. बोल्टच्या टोकाला पितळी गुंडी बसवा आणि प्रत्येकाला चेकनट द्या. एकच ताकीद: बोल्टची डोकी कॉलरच्या बाहेर येऊ देऊ नका. आली तर त्यावर पत्र्याचं कव्हर हवंच. लेथच्या मागच्या बाजूने माणसं ये-जा करतात, आणि फिरता बोल्ट दिसत नाही. ट्यूबचं टोक स्पायडरच्या मागे जास्त लोंबत ठेवूनही लेथ चालू करू नका. आधार नसलेलं टोक वेग वाढला की एकदम वाकतं आणि मग काठीसारखं आपटतं.

आता मुख्य भाग, म्हणजे डायल. लीव्हरचा, ०.००२ चा असेल तर उत्तम, ०.०१ च्या डायलवर ०.०२ चं काम करू नका. पहिला बिंदू तोंडापासून दहा मिलीमीटर आत. दुसरा २०० आत. तिथे डायलचं तोंड दिसत नाही. त्यासाठी टूलपोस्टवर पिनवर डुलणारी दांडी करा: आतलं टोक बोअरला टेकतं, बाहेरचं टोक डायलखाली, पिन बरोबर मध्ये. दोन्ही भुजा सारख्या असतील तर वाचन जसंच्या तसं मिळतं. बरेच जण याऐवजी लीव्हर डायलचा पृष्ठाला टेकणारा काटा लांब लावतात. चालतं, पण काटा दुप्पट लांब केला तर डायल निम्मंच दाखवतो, हे डब्यावर लिहिलेलं नसतं. ०.०१ दिसलं म्हणून खूश व्हावं आणि प्रत्यक्षात ०.०२ असावं, असा तो प्रकार. काटा पृष्ठाशी फार उभा लावला तरी वाचन चुकतं, म्हणून तो जमेल तितका आडवा, पृष्ठाला समांतर ठेवा.

आणखी एक मूलभूत हिशेब. डायल केंद्राच्या चुकीच्या दुप्पट दाखवते. पूर्ण फेरीत ०.२ फरक आला तर ट्यूब ०.१ च सरकवायची. नवा मुलगा हमखास पूर्ण ०.२ सरकवतो आणि मग उलट्या बाजूला तेवढाच आउट होतो. ड्रॉइंगवरचं केंद्राचं ०.०२ म्हणजे डायलच्या पूर्ण फेरीत ०.०२, अक्ष ०.०१ सरकलेला. गिऱ्हाइकाशी हे आधीच बोलून घ्या, भांडणं इथूनच सुरू होतात.

क्रम असा ठेवा. आधी तोंडाशी जबड्यांनी ट्रू करा, मग २०० आत स्पायडरने, मग परत तोंडाशी. स्पायडर फिरवला की तोंड हलतं म्हणून लोक वैतागतात. ते हलणारच, आणि किती हलेल तेही काढता येतं. टेकू तोंडापासून ८५ वर, स्पायडर ६५० वर. स्पायडरपाशी ट्यूब अर्धा मिलीमीटर सरकवली तर २०० वरच्या बिंदूत जेमतेम ०.१ चा फरक पडतो आणि तोंड उलट दिशेला साधारण ०.०७ जातं. म्हणून मागे बिनधास्त मोठी हालचाल करा, पुढे मात्र जपून. दोन-तीन फेऱ्यांत दोन्ही बिंदू जवळ येतात. येत नसतील आणि प्रत्येक वेळी तेवढाच फरक परत उभा राहत असेल, तर ट्यूब टेकूवर कलत नाही, कुठेतरी अडकली आहे. बहुतेक वेळा बुशचा पट्टा रुंद झालेला असतो.

जबडे फिरवताना आधी समोरचा किंचित सोडायचा, मग हवा तो आवळायचा. दोन चाव्या ठेवा, एक पुढच्या हातात, एक मागच्या. दोन्ही एकदम फिरवल्या की ट्यूब सरकते आणि दाब तेवढाच राहतो. शेवटचे १०-१५ मायक्रॉन मात्र सोडून नव्हे, आवळूनच आणायचे, नाहीतर कापताना जबडा ढिला पडतो. आणि चावी चकात राहिली नाही ना, हे दर वेळी बघा. दोन चाव्या असल्या की विसरण्याची शक्यताही दुप्पट.

इथे डायल जे सांगते ते नीट ऐका. समोरासमोरची दोन वाचनं वेगळी असतील तर केंद्र चुकलं आहे. पण ० आणि १८० अंशांवर सारखं, ९० आणि २७० वरही आपापसात सारखं, आणि या दोन जोड्यांमध्ये मात्र फरक, असं दिसलं तर केंद्र बरोबर आहे. बोअर लंबगोल झाला आहे. जबड्यांची एक जोडी जास्त आवळली गेली आहे. याला सरकवून उपाय नाही. जास्त आवळलेली जोडी थोडी सोडा आणि काटा बघा. केंद्राची चूक फेरीत एकदा वर-खाली होते, लंबगोल दोनदा. पाच मिनिटं सरकवत बसण्याआधी एवढं मोजा.

सगळं शून्यावर आलं की एक परीक्षा घ्यायची, आणि ही मी कोणालाही टाळू देत नाही. तोंडाशी डायल ठेवा आणि स्पायडरचे चारही बोल्ट हळूहळू ढिले करा. ट्यूब आपल्या वजनाने मागे थोडी खाली बसेल, तेवढी हालचाल समजून घ्या. पण त्याहून वेगळ्या दिशेला काटा पळाला, तर तुम्ही ट्यूब वळवली नव्हती, वाकवली होती. परत पहिल्यापासून. बोल्ट शेवटी हाताने टेकवून वर चावीचा जेमतेम एक हिसका, बस्स.

आता ज्यावर लोकांचं एकमत नाही ते. ट्यूब सरळ नसते. होन केलेल्या चांगल्या ट्यूबमध्येही मीटरला अर्धा ते एक मिलीमीटर बाक असू शकतो. मग अक्ष कोणता खरा धरायचा? दोन्ही टोकांची केंद्रं जोडणारी रेषा, की तोंडाजवळच्या शे-दोनशे मिलीमीटरचा रोख? अमेरिकेतले रायफलवालेही यावर वर्षानुवर्षं वाद घालत आहेत. सिलिंडरपुरतं माझं मत ठाम आहे: तोंडाजवळचा रोख. कारण हिशेबात दिसतं. ७०० लांबीच्या ट्यूबचा मध्य ०.३५ ने बाकला असेल तर टोकाशी बोअरचा कल १०० मिलीमीटरला जवळपास ०.२ येतो. दोन टोकं जुळवून बैठक काढली तर बैठक आणि लगतचा बोअर यांच्यात एवढा कोन राहतो. आता सिलिंडर चालताना काय होतं ते बघा. रॉड पूर्ण बाहेर आला की पिस्टन ग्लँडच्या अगदी जवळ येतो. रॉडला धरणारे दोन आधार, पिस्टन आणि ग्लँड, तेव्हा सगळ्यात जवळ असतात आणि आडवा भार सगळ्यात जास्त बाधतो. नेमक्या त्या जागी कोन राहिला तर रॉड एका बाजूला घासतो, सील एकाच अंगाने झिजतं आणि तेल गळू लागतं. शेतातून परत आलेला सिलिंडर उघडला की ग्लँडचा बुश एका बाजूला चकचकीत आणि दुसऱ्या बाजूला कोरा दिसतो, ते याचंच लक्षण. मागच्या टोकाशी पिस्टन असतो तेव्हा दोन आधारांत अंतर भरपूर असतं, तिथला थोडा बाक तो पचवतो.

तोंडाजवळचा रोख खरा केल्यावर मागचं टोक गोल घुमताना दिसेल, अर्धा-एक मिलीमीटर सुद्धा. घाबरू नका. तो ट्यूबचा स्वभाव आहे. वेग कमी ठेवा, मिनिटाला ३०० फेऱ्यांच्या आसपास पुरे.

कापण्याबद्दल थोडक्यात. आधी आत बोअरमध्ये, बैठकीच्या बरंच मागे, वेस्टचा बोळा किंवा फोमचा गोळा घट्ट बसवा. चिप्स मागे जाऊन होन केलेल्या पृष्ठावर ओरखडा उठला तर बाकी सगळी मेहनत फुकट. बाहेर लोंबणाऱ्या भागावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ओढून गुंडाळा, चॅटर, म्हणजे कापतानाची थरथर, मरतो. तोंडाचा फेस, आट्यांसाठीचं भोक, बैठक, आटे, आणि आतला तिरका उतार, हे सगळं एकाच सेटिंगमध्ये, चक न सोडता. यातलं एकही काम नंतर करू असं म्हणू नका. फेसलाही मी यात धरतो, कारण ग्लँडची कॉलर फेसवर टेकते आणि फेस तिरका असेल तर आटे आवळताना तीच ग्लँडला तिरकं ओढते.

आटे टॅपने पाडू नका. टॅप भोकाच्या मागे जातो, स्पिंडलच्या नव्हे. एम ४५ × १.५ ला भोक ४३.३८ च्या आसपास ठेवून एका दाताच्या टूलने आटे काढा, खोली एका बाजूला साधारण ०.८. बैठक ४२ ची, म्हणजे आट्यांच्या भोकापेक्षा लहान, त्यामुळे ग्लँड आत जाताना बैठकीला आट्यांचा ओरखडा लागत नाही. केंद्रात आणायचं काम बैठकीचं, आट्यांनी फक्त धरून ठेवायचं. म्हणून आटे थोडे सैल चालतील, बैठक सैल चालणार नाही. बैठक संपून बोअर सुरू होतो तिथे पंधरा-वीस अंशांचा उतार द्या आणि कडा हाताने पॉलिश करा. पिस्टनचं सील घालताना तिथेच फाटतं, आणि जोडणारा मुलगा सीलच्या कंपनीला शिव्या देतो.

मोजण्याआधी जॉब थंड होऊ द्या. कापून पंधरा अंश गरम झालेल्या ४२ च्या भोकात सात मायक्रॉनची वाढ असते. एच ७ ला एकूण २५ मायक्रॉन मिळतात, त्यातले सात उन्हाला दिले तर उरलं काय. मार्च-एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांनी जॉब आणि गेज एकाच टेबलावर तासभर शेजारी ठेवावेत.

तपासणी चक सोडल्यावरच खरी. दोन बिंदूंचा बोअर गेज सगळ्या प्रकारचा वाकडेपणा पकडत नाही. तीन जबड्यांच्या दाबाने तीन अंगांनी फुगलेलं भोक त्याला सगळीकडे एकाच मापाचं दिसतं. तुमच्या पहिल्या नगांवर एकदा तीन बिंदूंचा गेज घालून बघा, बैठकीचा आकारही बिघडलेला निघण्याची शक्यता आहे. तीस नगांसाठी मी एक पायरीचा प्लग करून घेईन: पुढचा ८० लांबीचा भाग बोअरला बेताचा, मागचा २० लांबीचा बैठकीला बेताचा, दोन्ही सेंटरमध्ये धरून एकाच सेटिंगमध्ये ग्राइंड केलेले. बैठकीपर्यंत तो हाताने, जोर न लावता गेला पाहिजे. हा प्लग केंद्र आणि कोन दोन्ही एकदम तपासतो. गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्टरला तोच हातात द्या, आकड्यांवरून वाद घालावा लागत नाही.

ज्यांच्या लेथचं स्पिंडल होल ५२ किंवा त्याहून लहान आहे त्यांना हे जसंच्या तसं जमणार नाही, ट्यूब आत जाणारच नाही किंवा सरकवायला जागा उरणार नाही. त्यांनी मागचं टोक चकात आणि तोंड स्टेडीत (लेथच्या बेडवरचा, बोटांनी जॉबला आधार देणारा टेकू) घ्यावं. पण स्टेडीची बोटं बाहेरच्या व्यासावर चालतात, आणि तो खोटा आहे हे आपण बघितलं. दोन उपाय आहेत. ड्रॉइंगमध्ये बाहेरून थोडं कापायला परवानगी असेल तर दोन्ही टोकांत सेंटर असलेले घट्ट प्लग बसवून ट्यूब सेंटरमध्ये धरा आणि तोंडाजवळ स्टेडीपुरता एक पट्टा मारा. सेंटरमधली ट्यूब तापली की लांब होते: ७०० ला दहा अंशांवर जवळपास ०.०८. सेंटर आवळून ठेवला तर ट्यूब कमानीसारखी वाकते आणि पट्टा बिघडतो, तेव्हा मधेच एकदा सेंटर ढिला करून परत टेकवा. परवानगी नसेल तर कॅटहेड, म्हणजे बाहेरून गोल घासलेली स्लीव्ह आणि तिला आठ बोल्ट. स्टेडी स्लीव्हवर चालते, ट्यूब तिच्या आत बोल्टने डायलवर आणायची. मला कॅटहेडच जास्त आवडतो, कारण त्यात तोंडाचा रोख हवा तसा बदलता येतो. पट्ट्याच्या पद्धतीत दोन टोकांच्या रेषेत अडकून पडतो, आणि बाकलेल्या ट्यूबचं दुखणं तसंच राहतं. दोन्हींत मागचं टोक चकात दहा मिलीमीटरच धरायचं, जबड्याखाली तांब्याची तार घालून. खोल धरलं तर चक आणि स्टेडी यांच्यात ट्यूब प्रत्येक फेरीत वाकत राहते आणि कापता कापता चकातून बाहेर सरकते.

राहता राहिला तीस नगांचा वेळ. हात बसल्यावर एका ट्यूबचं सेटिंग पंधरा-वीस मिनिटांत होतं. तीस नगांना चार जबडे आणि स्पायडरच परवडतात, दरात तेवढी मिनिटं धरून गिऱ्हाइकाला सांगा. ऑर्डर तीनशेची झाली तर मात्र ही पद्धत सोडा. तेव्हा दोन्ही टोकांत आतून फुगणारे प्लग घालून बोअरवरून बाहेरचे पट्टे मारून घ्यायचे, आणि पुढचं काम त्या पट्ट्यांवर मऊ जबड्यांत किंवा कॉलेटमध्ये. मऊ जबडे ज्या दाबाने ट्यूब धरणार त्याच दाबाखाली, आत रिंग अडकवून बोअर करा, मोकळे ठेवून नव्हे. हायड्रॉलिक चक असेल तर प्रेशर जमेल तितकं उतरवा. आणि अशा ऑर्डरला ट्यूब घेतानाच पुरवठादाराकडून भिंतीच्या फरकाची आणि सरळपणाची हद्द लिहून घ्या. जास्त बाकलेल्या ट्यूब आल्या आल्या बाजूला काढून परत पाठवा, चकावर चढल्यावर त्या परत जात नाहीत.